आधी कागद, मग आकाश

बोटीवर नोकरी केली म्हणजे याला सगळे तारे तोंडपाठ असणार, असा आमच्याकडे पक्का समज आहे. लग्नघरी जेवणं उरकून माणसं अंगणात टेकली की कोणीतरी बोट वर करून विचारतंच, "तो ठळक तारा कुठला हो?" मी घड्याळ बघतो, महिना आठवतो, उत्तर दिशा कुठली ते विचारतो आणि मग सांगतो. विचारणाऱ्याची जरा निराशा होते. दर्यावर्दी माणूस वर बघताक्षणी नाव घेतो, अशी त्याची कल्पना असते. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांतला एकही तसा नव्हता. आम्ही तारे शोधायचो ते यंत्राने, आणि त्या यंत्राचं काम तारे दिसायच्या आधीच उरकलेलं असायचं. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली. आता मी साताऱ्यात राहतो. पण त्या कामाने लावलेलं वळण सुटलेलं नाही.

माझं मूळ गाव तासगाव तालुक्यात. तिथून रत्नागिरीचा किनारा सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत, पण मध्ये सह्याद्री आडवा. समुद्र आम्हाला शाळेतल्या नकाशातच भेटलेला. घरात पंचांग होतं आणि आजोबांना नक्षत्रं पाठ होती, पण ती पावसाची. मृग कधी निघतो, आर्द्रा कधी लागतात, यंदा वाहन म्हैस आहे की कोल्हा, पुनर्वसूचा तरणा पाऊस कसा आणि पुष्याचा म्हातारा कसा, हे सगळं ते न अडखळता सांगायचे. मात्र जूनच्या मृगात सूर्यच त्या नक्षत्रात असतो, त्यामुळे ते दिवस मृग दिसायचे नव्हेतच. खरं मृग हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेकडून वर येतं. आजोबांनी आकाशात बोटाने दाखवलेलं मला आठवतं ते म्हातारीचं बाजलं आणि ते पळवणारे तीन चोर, म्हणजे सप्तर्षी. बाकीच्या ताऱ्यांशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. ज्याचं काम पडतं त्याचीच ओळख ठेवायची, हा त्यांचा हिशेब. पुढे जहाजावर तोच हिशेब मला वेगळ्या भाषेत शिकवला गेला.

मुंबईत प्रशिक्षणाच्या काळात पहिल्यांदा तारे शोधायचं यंत्र हातात आलं, तेव्हा ते यंत्र आहे असं वाटलंही नाही. प्लॅस्टिकची पांढरी तबकडी, व्यास वीतभर. एका बाजूला मधोमध उत्तर ध्रुव, दुसऱ्या बाजूला दक्षिण ध्रुव, आणि दोन्हीकडे नॉटिकल अल्मनॅकने नौकानयनासाठी निवडलेले तेच 57 तारे. जोडीला पारदर्शक चकत्यांचा गठ्ठा. त्यातल्या नऊ चकत्या निळ्या रेषांच्या: 5 अंश अक्षांशाची, 15 ची, 25 ची, अशा दहा-दहाच्या टप्प्याने 85 पर्यंत. दहावी लाल, तिचं काम पुढे सांगतो. ही रचना अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्यातले अधिकारी गिल्बर्ट रूड यांची, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. अमेरिकन नौदलात तिला 2102-डी म्हणतात, ब्रिटिशांच्या ॲडमिरल्टीची तशीच तबकडी एनपी 323 या नावाने मिळते. आमच्या तोंडी दोन्हींना नाव एकच, स्टार फाइंडर.

वापर असा. संध्याकाळचा संधिप्रकाश किती वाजता, हे अल्मनॅकमधून काढायचं. त्या वेळेला जहाज साधारण कुठे असेल, याचा अंदाज वेग आणि दिशेवरून करायचा. त्या घटकेला आपल्या डोक्यावरचं आकाश किती फिरलेलं असेल त्याचा एक अंक येतो. जहाजावर त्याला एलएचए एरीज म्हणतात. आपल्या अक्षांशाची निळी चकती तबकडीवर बसवून तिचा बाण त्या अंकावर आणला, की प्रत्येक ताऱ्याची क्षितिजापासून उंची आणि उत्तरेपासूनची दिशा सरळ वाचता येते.

एक उदाहरण देतो, ते सातारा-सांगलीलाही चालेल. जानेवारीचा मध्य, अक्षांश 17 उत्तर, संध्याकाळ. अंक येतो सुमारे 27. चकती 15 ची, कारण ती 10 ते 20 अंशांपर्यंत चालते. वाचायचं असं: ब्रह्महृदय ईशान्येला, उंची 38 अंश. रोहिणी जवळजवळ बरोबर पूर्वेला, 50 अंश. राजन्य पूर्वेच्या जरा दक्षिणेकडे, 33. मीनास्य नैर्ऋत्येला, 28. हंस वायव्येला, 21. चहूबाजूंना वाटलेले पाच तारे मिळाले. सगळे एकाच दिशेचे घेतले तर जहाजाची जागा एका अंगाने नेमकी येते आणि दुसऱ्या अंगाने भोंगळ राहते, म्हणून ही वाटणी. साताऱ्यात त्या दिवशी ही वेळ पावणेसातच्या आसपास येते. तबकडीशिवायही कोणाला ताडून बघता येईल.

जहाजावर पहाटे आणि संध्याकाळी चार ते आठची वॉच चीफ ऑफिसरची असते, आणि संधिप्रकाश त्याच वेळेत येतो, म्हणून ताऱ्यांच्या साइट, म्हणजे त्यांची उंची मोजायचं काम, त्याच्या वाट्याला. आम्ही कॅडेट त्याचे मदतनीस. माझा पहिला चीफ ऑफिसर मितभाषी होता. साडेपाचला मी ब्रिजवर पोचलो की एकच वाक्य: "कागद दाखव." कागदावर पाच-सहा तारे, त्यांची उंची, दिशा आणि कोणत्या क्रमाने घ्यायचे ते. पूर्वेकडचे आधी, कारण संध्याकाळी अंधार तिकडून चढतो आणि तिकडचं क्षितिज आधी बुडतं. कागद नसेल तर तो ब्रिजच्या विंगवर जाऊ द्यायचा नाही. आकाश सुंदर आहे का ढगाळ आहे, हा प्रश्न त्याच्या लेखी नंतरचा.

या शिस्तीमागचं कारण आमच्या अक्षांशात आहे. उष्ण कटिबंधात सूर्य क्षितिजाखाली सरळ उतरतो. मावळल्यापासून तो सहा अंश खाली जायला वीस-पंचवीस मिनिटं, बारा अंशांना पाऊण तासाच्या आसपास. सुरुवातीला क्षितिज स्पष्ट असतं पण तारे दिसत नाहीत, शेवटी तारे ढीगभर पण क्षितिज गेलेलं. दोन्ही एकदम हाताशी असतात तो अवधी बेताचाच, त्यात पाच-सहा तारे मोजायचे. वर बघून "हा कोणता असेल बरं" म्हणत बसायला त्यात जागाच नाही.

एक गोष्ट मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत मानायला तयार नव्हतो. चीफ ऑफिसरने सेक्स्टंटवर, म्हणजे उंचीचा कोन मोजायच्या यंत्रावर, 38 अंश लावून ठेवले, ब्रिजच्या विंगवर ईशान्येकडे तोंड करून मला उभं केलं आणि म्हणाला, "दुर्बिणीतून क्षितिजाची रेघ बघ." वर आकाश अजून निळसर होतं, नुसत्या डोळ्यांना एकही तारा नव्हता. दुर्बिणीतल्या रेघेच्या जरासं वर एक बारीक पांढरा ठिपका थरथरत होता. ब्रह्महृदय. लोकांना दिसायच्या दहा मिनिटं आधी तो आम्हाला सापडला होता, कारण कुठे बघायचं ते कागदावर लिहिलेलं होतं. सूक्ष्म स्क्रू फिरवून तो ठिपका रेघेला टेकवायचा, सेक्स्टंट हलकेच डावी-उजवीकडे डुलवायचा म्हणजे ठिपका कमानीत झुलतो, कमानीचा तळ रेघेला लागला की ओरडायचं, "नाऊ!" कॅडेटने क्रोनोमीटरवरचे सेकंद लिहायचे. सेकंद आधी, मग मिनिटं, मग तास, कारण सेकंद थांबत नाहीत. चार सेकंदांची चूक म्हणजे रेखांशात एक कला, आणि विषुववृत्तावर एक कला म्हणजे एक सागरी मैल, 1,852 मीटर. स्वच्छ संध्याकाळी चांगल्या हाताला जहाजाची जागा मैल-दोन मैलांत मिळायची. भर समुद्रात तेवढी पुरते.

काही जहाजांवर तबकडीबरोबर तारागोलही असायचा. चौकोनी लाकडी पेटी, झाकण उघडलं की आत पितळी कड्यांमध्ये बसवलेला काळसर गोल, त्यावर ताऱ्यांची नावं, आणि वरून टोपीसारखी बसणारी चार पितळी पट्ट्यांची जाळी, तिच्यावर उंचीचे अंश. गोल अक्षांशाइतका कलवायचा, अंकावर फिरवायचा, जाळी बसवायची आणि वाचायचं. तबकडीपेक्षा तो डोळ्यांना पटकन पटतो. पण त्याच्यावरचं आकाश उलटं असतं. आपण आकाश आतून बघतो. गोल आपल्याला आकाशाच्या बाहेर उभं करतो, त्यामुळे नक्षत्रांची डावी-उजवी बाजू बदलते. नव्या कॅडेटांची इथे हमखास गडबड व्हायची. गोलावर आणखी एक गोष्ट छापलेली असे, तो कोणत्या सालासाठी आहे ते. पृथ्वीचा अक्ष संथपणे डोलतो, त्यामुळे सुमारे 72 वर्षांत संपातबिंदू एक अंश सरकतो. तारे स्थिर असतात असं आपण सवयीने म्हणतो; यंत्र बनवणाऱ्यांना तसं म्हणून चालत नाही. त्यांना माल विकताना साल लिहावं लागतं.

आता ती लाल चकती. ग्रह तबकडीवर छापलेले नसतात, कारण ते एका जागी राहत नाहीत. अल्मनॅकमधून त्यांच्या जागा काढून लाल चकतीच्या मदतीने पेन्सिलने मांडायच्या आणि पंधरा-वीस दिवसांनी खोडून पुन्हा मांडायच्या. कंटाळवाणं काम, ते टाळण्याकडे सगळ्यांचा कल. एकदा अरबी समुद्रात पावसाळ्याच्या तोंडाला दिवसचे दिवस ढगांचं झाकण होतं. एका संध्याकाळी दक्षिणेकडे हातभर फट पडली आणि त्यातून एक तेजस्वी ठिपका डोकावला. माझ्या एका सहकाऱ्याने धावत जाऊन त्याची उंची घेतली, त्या बाजूचा सर्वांत ठळक तारा समजून गणित मांडलं, आणि जहाज होतं त्या जागेपासून भलतीकडेच गेलं. चीफ ऑफिसर रागावला नाही. त्याने तबकडी उलट्या वाटेने चालवली. उंची आणि दिशा हातात आहे, तर त्या जागी तबकडीवर कोण आहे? कोणीच नव्हतं. मग त्याने अल्मनॅकचं ग्रहांचं पान उघडलं. गुरू होता. त्या दिवशी जे शिकायला मिळालं ते कोणत्याही पुस्तकात ठळक अक्षरांत नव्हतं: यादीत नाव नसलेला सगळ्यांत जास्त चमकतो, आणि घाईत असलेला माणूस त्यालाच आपला समजतो. पुढे जमिनीवर माणसांच्या बाबतीतही मला याचा उपयोग झाला.

1990 नंतर हळूहळू जीपीएसचे डबे ब्रिजवर आले. 1995 मध्ये ती यंत्रणा पूर्णपणे चालू झाली. ताऱ्यांवर प्रेम करणाऱ्यांनी त्या वेळी हळहळ व्यक्त केली, असं मी वाचतो. मी तरी केली नाही. पहाटे साडेचारला उठून पाच ताऱ्यांची गणितं सोडवणाऱ्याला, बटण दाबल्यावर अक्षांश-रेखांश दाखवणारा डबा देवमाणूस वाटतो. ढग असोत, धुकं असो, काही अडत नाही. जहाजं त्यामुळे सुरक्षित झाली हे मान्य करायलाच हवं. तारागोलाची पेटी चार्टरूमच्या फळीवर मागे-मागे सरकत गेली. एका जहाजावर तर तिच्यावर चहाचे कप ठेवलेले मी पाहिले.

तोटा लक्षात आला तो काही वर्षांनी, आणि तो ताऱ्यांबद्दलचा नव्हता. नवे अधिकारी हुशार होते, पण "आपण कुठे आहोत?" असं विचारलं की ते पडद्याकडे बघायचे, आणि "कुठे असायला हवं होतं?" असं विचारलं की गप्प व्हायचे. ताऱ्यांच्या कामात दुसरा प्रश्न आधी यायचा. अंदाज आधी, मोजणी नंतर, आणि दोन्हींत फरक पडला तर तो का पडला याचा शोध. पडद्याने मोजणी इतकी सोपी केली की अंदाजाची गरजच संपली. 2017 मध्ये काळ्या समुद्रात वीसेक जहाजांच्या जीपीएसने ती जहाजं जमिनीवर, एका विमानतळावर असल्याचं दाखवलं. अंदाज बांधून ठेवणाऱ्याला अशी थाप तत्क्षणी कळते. अमेरिकेच्या नौदल अकादमीने बंद केलेले ताऱ्यांचे धडे 2015 मध्ये पुन्हा सुरू केले. आपल्या नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत 2023 मध्ये दुसरे आले. त्या शर्यतीत जीपीएसला बंदी आहे. सेक्स्टंट आणि कागदी तक्ते यांवरच जग फिरावं लागतं. म्हणजे ही विद्या अगदीच फळीवर गेलेली नाही.

साताऱ्यात स्थायिक झाल्यावर काही शाळांतल्या शिक्षकांनी बोलावलं, मग सांगली-मिरजेकडूनही बोलावणी आली. समुद्र नसलेल्या मुलांना समुद्रावरची यंत्रं कशाला, असं मलाच वाटलं होतं. पण साताऱ्याचा आणि समुद्राचा संबंध अगदीच नाही असं नाही. कान्होजी आंग्रे यांना सरखेल म्हणून ज्या छत्रपतींची मान्यता होती, त्या शाहू महाराजांची गादी इथेच होती. कोकणातल्या आरमाराचा शब्द घाट चढून साताऱ्याला यायचा. दुसरा संबंध आकाशातला. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश. सांगली 16 अंश 51 कला, रत्नागिरी 16 अंश 59 कला. म्हणजे सांगलीच्या घाटावरून दिसणारा ध्रुव आणि रत्नागिरीच्या तांडेलाला दिसणारा ध्रुव जवळजवळ एकाच उंचीवर. सातारा 17 अंश 41 कला, म्हणजे दाभोळ आणि हर्णैच्या मधलं. हे फळ्यावर लिहिलं की वर्गात चुळबुळ थांबते.

मग आम्ही कमाल बनवली. अरबी समुद्रातल्या आणि हिंदी महासागरातल्या खलाशांचं हे जुनं साधन: लाकडाची चौकोनी पट्टी, मधोमध दोरी, दोरीला गाठी. खालची कड क्षितिजाला, वरची ध्रुवाला टेकेपर्यंत पट्टी पुढे-मागे करायची; जी गाठ येईल ते बंदर. मुंबई विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक बी. अरुणाचलम यांनी आपल्या किनाऱ्यावरच्या खलाशांची ही विद्या आयुष्यभर हिंडून गोळा केली, ते वाचून मला हुरूप आला होता. पट्टीसाठी लाकूड मिरजेच्या एका सतारमेकरांनी दिलं, तुणाच्या लाकडाचा उरलेला तुकडा. घासून, कडा सरळ करूनही त्यांनीच दिला. पट्टी दहा सेंटिमीटर उंचीची धरली तर डोळ्यापासून गाठींचं अंतर असं येतं: मुंबई 30 सेंटिमीटर, सातारा 32, सांगली आणि रत्नागिरी साडेतेहतीस-चौतीस, पणजी साधारण 37, आणि कन्याकुमारी थेट 71. मुलांनी गाठी मारल्या, दोरीवर पश्चिम किनारा उमटला.

यवतेश्वरच्या वाटेवर एका संध्याकाळी प्रयोग लावला, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "काका, पण क्षितिज कुठाय?" उत्तरेला डोंगर होते. कोनाला दोन बाजू लागतात. ध्रुव ही एक झाली, दुसरी डोंगराने खाल्लेली. त्या प्रश्नाने माझ्या शिकवण्याची दिशा बदलली. जहाजावर ओळंबा चालत नाही, तो डोलतो, म्हणून तिथे क्षितिज लागतं. सह्याद्रीत क्षितिज मिळत नाही, पण पायाखालची जमीन स्थिर असते, म्हणून इथे ओळंबा चालतो. आपल्या ज्योतिषांनी नेमकं हेच केलं होतं. सह्याद्रीच्या परिसरातलेच म्हणवणारे भास्कराचार्य 1150 च्या सिद्धान्तशिरोमणीत यंत्रांचा अध्याय घालतात. त्यात पाव वर्तुळाचं तुर्ययंत्र आहे, फळीचं फलकयंत्र आहे. पंधराव्या शतकातल्या पद्मनाभाचं ध्रुवभ्रमयंत्र तर रात्रीचं घड्याळच: आयताकृती पत्र्यातल्या फटीतून ध्रुव आणि त्याच्या जवळचा एक तारा एका रेषेत धरायचे आणि वजनाने लोंबणारा काटा वेळ सांगतो. भास्कराचार्यांच्या यादीत शेवटचं यंत्र धीयंत्र आहे, म्हणजे बुद्धी, आणि बाकीच्या सगळ्यांपेक्षा त्यांनी ते श्रेष्ठ ठरवलं आहे. माझा तो मितभाषी चीफ ऑफिसर त्यांच्याशी सहमत झाला असता.

मुलांनी पुठ्ठ्याची तुर्ययंत्रं केली: कोनमापक, वरच्या कडेला शीतपेयाची नळी, मध्यबिंदूतून दोरा आणि त्याला नट. एका अंशाच्या आत ध्रुव मिळतो. त्याहून बारीक मिळत नाही, आणि मिळवायचा अट्टहासही नको, कारण ध्रुवतारा स्वतःच खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून जरा जास्त दूर आहे आणि त्याच्याभोवती फिरतो. 1500 च्या सुमारास तर हे अंतर साडेतीन अंशांच्या घरात होतं. त्या काळच्या खलाशांना दुरुस्ती केल्याशिवाय गत्यंतर नसे.

माझा सेक्स्टंट मात्र क्षितिजावाचून पडून होता. त्याला तोड निघाली कऱ्हाडजवळच्या एका गुऱ्हाळावर. जमिनीवर सेक्स्टंट वापरायचा तर कृत्रिम क्षितिज लागतं: स्थिर द्रवाचा आरसा. सर्वेक्षक पारा वापरायचे आणि पारा नसला की काकवीसारखा घट्ट पाक. फेब्रुवारीची रात्र, साडेनऊच्या पुढची वेळ, व्याध दक्षिणेला माथ्यावर यायच्या बेतात. गुळव्याने परातीत गार झालेली काकवी ओतली, वाऱ्याला आडोसा म्हणून पोती उभी केली. वरचा व्याध आणि काकवीतला व्याध एकमेकांवर आणायचे. सेक्स्टंट वाचतो तो दुप्पट कोन. 111 अंशांच्या वर थोडा आला. त्याचा निम्मा साडेपंचावन्नच्या जरा पुढे. नव्वदातून तो वजा केला, व्याधाचे विषुववृत्ताच्या दक्षिणेचे पावणेसतरा अंशही वजा केले, उरले साडेसतराच्या आसपास. गुळवा म्हणाला, "म्हंजे आपण कुठं हाय ते आपल्या काकवीनं सांगितलं म्हणायचं." मुंग्यांनी परात ताब्यात घेण्याआधी आमचं काम झालं होतं.

तिथेच एक शेतकरी भेटले. ऊसपट्ट्यात शेतीची लाईट पुष्कळदा रात्रीची. माणसं दोन-दोन वाजता उसाला पाणी पाजायला उठतात. त्यांना ताऱ्यांची पुस्तकी नावं ठाऊक नव्हती. पण मृगातले तीन तारे अमुक झाडाच्या शेंड्याशी आले की किती वाकुऱ्या भिजल्या असतील आणि दारं कधी मोडायची, याचा त्यांचा अंदाज पक्का होता. मी घड्याळ बघून ताडलं, फारसा फरक नव्हता. त्यांनी आधी ठरवून ठेवलेलं असतं की तारा कुठे असायला हवा, आणि मग ते मान वर करतात. तबकडी नसली तरी पद्धत तीच.

इतक्या वर्षांचा माझा निष्कर्ष साधा आहे. तारे शोधायची जुनी यंत्रं आता जहाज चालवायला फारशी लागत नाहीत आणि उद्या आणखी कमी लागतील. त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. शिकण्यासाठी मात्र त्यांच्याइतकं स्वस्त आणि प्रामाणिक साधन मला दुसरं माहीत नाही. मोबाईलवरचं ॲप ताऱ्याकडे धरलं की नाव सांगतं आणि विषय संपतो. तबकडी आधी तुमच्याकडून तारीख, वेळ आणि जागा मागते, तुम्हाला अंदाज करायला लावते, आणि मग आकाश तो अंदाज तपासतं. खरं-खोटं त्याच संध्याकाळी कळतं. परीक्षेच्या निकालाची वाट बघावी लागत नाही.

सातारा-सांगलीतल्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती एवढीच. शाळेत 17 अंशांसाठीची कागदी तबकडी आणि पुठ्ठ्याचं तुर्ययंत्र करून घ्या. खर्च दोन वह्यांपेक्षा जास्त येत नाही. दिवाळीनंतर मार्चपर्यंतचं आकाश आपल्याकडे बहुतेक स्वच्छ असतं. चाळकेवाडीच्या पठारावर, दंडोबाच्या डोंगरावर किंवा जत-आटपाडीच्या माळावर मुलांना न्या, आणि निघण्याआधी प्रत्येकाकडून कागद लिहून घ्या: कोणता तारा, किती वाजता, कुठल्या दिशेला, किती उंचीवर. कागद नसलेल्याला वर बघू देऊ नका. सुरुवात ध्रुवापासून करा. साताऱ्यात तो अठराच्या जरा खाली भरायला हवा, सांगलीत सतराच्या आसपास. वीस आला तर ओळंबा तपासा.